पाव फेऱ्याचा फरक

१८ एप्रिल २००४. दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कम या सोन्याच्या खाणींच्या गावी मोटोजीपी हंगामाची पहिली शर्यत संपली आणि व्हॅलेंटिनो रॉसीने मोटारसायकल ट्रॅकच्या कडेला नेऊन उभी केली. तो थोडा वेळ टायरच्या भिंतीजवळ बसून राहिला, मग उठून त्याने गाडीचं चुंबन घेतलं. होंडावर जगज्जेतेपदं मिळवून तो यामाहाकडे आला होता, आणि यामाहाची अवस्था त्या वेळी बिकट होती. २००३ च्या अख्ख्या हंगामात कंपनीला एकही शर्यत जिंकता आली नव्हती. तिचा स्वार पोडियमवर चढला तो एकदाच, फ्रान्समध्ये, तेही तिसऱ्या क्रमांकावर. त्याच कंपनीच्या गाडीवर, पहिल्याच शर्यतीत, रॉसीने होंडावरच्या मॅक्स बियाजीला ०.२१० सेकंदांनी मागे टाकलं.

श्रेय स्वाराचं होतंच. पण त्या गाडीच्या पोटात मासाओ फुरुसावा या अभियंत्याने केलेला एक बदल फिरत होता. इंजिनाची मूळ मांडणी तीच होती, ९९० सीसीची, एका ओळीत चार सिलिंडरची. बदलली होती ती क्रँकशाफ्ट. तिच्यावरच्या चार क्रँकपिन पूर्वी एकमेकींपासून अर्ध्या फेऱ्यावर होत्या, त्या आता पाव फेऱ्यावर आल्या होत्या. जानेवारीत मलेशियातल्या सेपांगला झालेल्या चाचणीत रॉसीपुढे वेगवेगळ्या रचनांची इंजिनं ठेवली गेली आणि त्याने हेच निवडलं. त्या हंगामात तो ९ शर्यती जिंकला आणि जगज्जेता झाला. १९९२ मध्ये वेन रेनीने मिळवलेल्या विजेतेपदानंतर यामाहाच्या वाट्याला आलेलं हे सर्वोच्च गटातलं पहिलंच विजेतेपद.

गंमत अशी की मोटारींच्या जगात वेगवान शर्यतीचं इंजिन बांधणाऱ्यांनी त्याआधी चाळीस वर्षं नेमका उलटा प्रवास केला होता. पाव फेऱ्याच्या क्रँककडून अर्ध्या फेऱ्याच्या क्रँककडे. दोघांचंही बरोबर होतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर क्रँकशाफ्ट करते काय आणि तिचा त्रास होतो कोणाला, इथून सुरुवात करावी लागते.

हादरा येतो कुठून

पिस्टन वर-खाली जातो, क्रँक गोल फिरते आणि मधला कनेक्टिंग रॉड एका हालचालीचं दुसरीत रूपांतर करतो. फिरताना रॉड तिरका होतो. त्यामुळे पिस्टनची हालचाल वर आणि खाली सारखी राहत नाही. वरच्या टोकाजवळ तो झपकन दिशा बदलतो, खालच्या टोकाजवळ रेंगाळतो. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणजे हिशेब जुळायला हवा. पण वरून निघालेल्या जोडीचा झटका खालून निघालेल्या जोडीपेक्षा मोठा असतो. त्यातली बाकी उरते, आणि क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा इंजिनाला हादरा देते. अभियंते याला दुय्यम असंतुलन म्हणतात. फेरे दुप्पट झाले की हा हादरा चौपट होतो.

आता असे दोन चार-सिलिंडरी संच ९० अंशांच्या कोनात एकमेकांना जोडले की व्ही-८ इंजिन तयार होतं. त्यासाठी क्रँक दोन प्रकारची घेता येते.

पहिली फ्लॅट-प्लेन. तिच्या चारही क्रँकपिन एकाच प्रतलात असतात, दोन वर तर दोन खाली. टोकाकडून पाहिलं तर सरळ रेघ दिसते. दोन्ही बाजूंचे दुय्यम हादरे एकत्र येतात तेव्हा त्यांचा उभा भाग परस्परांना मारतो, पण आडवा भाग जोडला जातो. परिणामी एका बाजूच्या हादऱ्याच्या सुमारे १.४ पट जोराने इंजिन डावी-उजवीकडे थरथरतं.

दुसरी क्रॉस-प्लेन. तिच्या क्रँकपिन ९०-९० अंशांवर असतात आणि टोकाकडून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. इथे दुय्यम हादरा प्रत्येक बाजूत आतल्या आतच विरून जातो. उरतो तो वेगळाच त्रास: सतरंजीची दोन टोकं दोघांनी धरून आळीपाळीने वर-खाली करावीत तसं इंजिनाचं पुढचं आणि मागचं टोक झुलू पाहतं. मात्र हा झोल क्रँकबरोबर, क्रँकच्याच वेगाने फिरतो. म्हणून क्रँकवर योग्य जागी जड काउंटरवेट बसवले की तो संपूर्ण थांबतो. इंजिन लोण्यासारखं मऊ चालतं. किंमत मोजावी लागते ती वजनात.

कॅडिलॅकने टाकलेलं, शर्यतीने उचललेलं

अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीने १९१४ मध्ये आपली पहिली व्ही-८ मोटार आणली. इंजिन ५.१ लिटरचं, ताकद ७० अश्वशक्ती, आणि क्रँक फ्लॅट-प्लेन. त्या काळी दुसरी फारशी कुणाला माहीतच नव्हती. गाडी खपली, पण ठरावीक वेगाला ती थरथरायची आणि महागड्या गाडीच्या गिऱ्हाइकाला ते खपण्यासारखं नव्हतं. कॅडिलॅकच्या अभियंत्यांनी गणित मांडून क्रॉस-प्लेन क्रँक शोधली आणि १९२३ मध्ये बाजारात आलेल्या व्ही-६३ या गाडीत ती बसवली. त्याच सुमारास पीअरलेस कंपनीही याच उत्तराशी पोहोचली होती. पुढे अमेरिकेत व्ही-८ म्हटलं की क्रॉस-प्लेन, हे समीकरणच झालं. हार्ले मोटारसायकल सोडली तर अमेरिकी रस्त्याची ओळख सांगणारा तो घोगरा, डुचमळता आवाज याच क्रँकचा आहे.

तो आवाज तसा का येतो, यातच शर्यतीच्या इंजिनाची अडचण लपली आहे. व्ही-८ मध्ये दर ९० अंशांनी एक स्फोट होतो. क्रॉस-प्लेन इंजिनात हे स्फोट डावा-उजवा असे नेमाने होत नाहीत. चक्रातून एकदा डाव्या बाजूला लागोपाठ दोन होतात, एकदा उजव्या बाजूला. एकाच बाजूचे चार स्फोट पाहिले तर त्यांच्यातलं अंतर २७०, १८०, ९० आणि १८० अंश असं वेडंवाकडं येतं. चालकाला याने काही फरक पडत नाही. एक्झॉस्टला पडतो.

शर्यतीच्या इंजिनात एक्झॉस्ट पाइप म्हणजे केवळ धूर बाहेर टाकणारी नळी नसते. एका सिलिंडरचा जळका वायू जोराने बाहेर पडताना मागे कमी दाबाची लाट सोडतो. नळ्यांची लांबी नेमकी ठेवली तर ती लाट पुढच्या सिलिंडरचा उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करते. मिनिटाला १८ हजार फेऱ्यांना क्रँकचा एक फेरा ३.३ मिलिसेकंदांत संपतो. धूर बाहेर टाकायला मिळतो त्याच्या जेमतेम निम्मा वेळ. तिथे ही ओढ मिळणं किंवा न मिळणं म्हणजे जिंकणं किंवा हरणं. चार सिलिंडरचे स्फोट समान अंतराने झाले तर चार नळ्या एका नळीत आणून हे काम सोपं होतं. दोन स्फोट ९० अंशांवर आणि दुसरीकडे २७० अंशांची पोकळी अशी स्थिती असेल तर एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो.

यावर क्रॉस-प्लेनवाल्यांनी एक जिद्दीचा उपाय काढला. डाव्या बाजूच्या काही नळ्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे नेऊन जुळवायच्या, म्हणजे प्रत्येक जुडग्याला समान अंतराने धूर मिळेल. फोर्ड जीटी-४० च्या मागच्या भागात आठ नळ्यांचा जो गुंता दिसतो, तो हाच. त्याला सापांचा गुंता म्हणूनच ओळखतात. १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं निळ्या-नारिंगी रंगातल्या एकाच जीटी-४० ने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, ती ४.९ लिटरच्या क्रॉस-प्लेन व्ही-८ वर. उपाय चालत होता. पण नळ्यांना जागा लागते, त्यांचं वजन होतं आणि त्यांची उष्णता गाडीच्या पोटात साठते.

दोन फोर एकत्र

छोट्या, सडपातळ फॉर्म्युला वन गाडीत एवढी जागा नसते. १९६१ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्सने दीड लिटरची व्ही-८ बांधली, तेव्हा आधी क्रॉस-प्लेनच घेतली. त्यामुळे १९६२ च्या लोटस २५ या गाडीच्या मागे नळ्यांचं तेच जंजाळ दिसतं. १९६३ साठी कंपनीने स्ट्रोक कमी केला, इंधन इंजेक्शन आणलं आणि क्रँक फ्लॅट-प्लेन केली. प्रत्येक बाजूचे स्फोट आता १८० अंशांच्या समान अंतरावर आले. नळ्या सुटसुटीत झाल्या, प्रत्येक बाजूच्या आपापल्या. याच इंजिनावर जिम क्लार्कने त्या हंगामातल्या १० पैकी ७ शर्यती जिंकल्या.

१९६६ मध्ये फॉर्म्युला वनची इंजिनमर्यादा ३ लिटरवर गेली. ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल गाडीचा ॲल्युमिनियम ब्लॉक घेतला, त्यातली क्रॉस-प्लेन क्रँक बाजूला ठेवली आणि नवी फ्लॅट-प्लेन बसवली. ताकद जेमतेम ३०० अश्वशक्ती. पण इंजिन हलकं, साधं आणि भरवशाचं. जॅक ब्रॅबहॅम स्वतःच्या नावाच्या गाडीत जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी त्याच संघाचा डेनी हल्म.

आणि मग आलं कॉसवर्थ डीएफव्ही. कीथ डकवर्थने फोर्डच्या १ लाख पौंडांत दोन इंजिनांचं काम अंगावर घेतलं होतं. आधी फॉर्म्युला टूसाठी १.६ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेलं चार-सिलिंडरी इंजिन. त्याचे धडे घेऊन फॉर्म्युला वनसाठी ३ लिटरची व्ही-८. डीएफव्हीचं पूर्ण नावच डबल फोर व्हॉल्व्ह. चार सिलिंडरचे दोन संच एका फ्लॅट-प्लेन क्रँकवर बसवले की ते तयार. बोअर ८५.६७ मिमी, स्ट्रोक सुमारे ६५ मिमी. आखूड स्ट्रोकमुळे पिस्टनचा प्रवास कमी, म्हणून फेरे जास्त. जड काउंटरवेटची गरज नसल्यामुळे क्रँक हलकी आणि क्रँककेस लहान. थ्रॉटल उघडला की हलकी क्रँक चटकन वेग घेते, बंद केला की चटकन सोडते.

४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडव्हूर्टला लोटस ४९ या गाडीतून हे इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरलं. ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती, मिनिटाला ९ हजार फेऱ्यांना. ग्रॅहॅम हिलने पात्रता फेरीत पहिली जागा पटकावली, क्लार्कने शर्यत. पुढच्या सोळा वर्षांत या घराण्याने फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या. १९८३ च्या डेट्रॉइटमध्ये मिकेले आल्बोरेतोचा विजय शेवटचा.

झांडव्हूर्टच्या त्या दिवशी हिलची गाडी मात्र मध्येच थांबली होती. कॅमशाफ्ट फिरवणारे टायमिंग गिअर निकामी झाले होते. क्रँकच्या पिळवटण्याचे, कॅमच्या उलट धक्क्यांचे झटके त्या दातांवर मोजमापापलीकडे येत होते. डकवर्थने शेवटी त्या गिअरच्या गाभ्यात पोलादाच्या बारीक, पीळ घेणाऱ्या दांड्या बसवल्या. त्या किंचित वळायच्या, झटका पोटात घ्यायच्या आणि दात वाचायचे. फ्लॅट-प्लेन निवडणं म्हणजे अशा कामांची यादी स्वीकारणं.

बिल कोणाच्या नावावर

क्रँक कुठलीही निवडा, थरथरीची किंमत चुकत नाही. ती कोणाच्या पदरात टाकायची एवढंच इंजिन बांधणारा ठरवतो. क्रॉस-प्लेन ती क्रँकच्या वजनात आणि एक्झॉस्टच्या गुंत्यात टाकते. फ्लॅट-प्लेन ती गाडीच्या सांगाड्यात, नटबोल्टांत, वायरिंगमध्ये आणि चालकाच्या पाठीत टाकते. दोन तासांच्या ग्रां प्रीला हे परवडतं. त्या काळी इंजिन शर्यतीनंतर पूर्ण उघडायचंच असे.

२४ तासांच्या शर्यतीत हिशेब बदलतो. डीएफव्ही ल मांला दोनदा जिंकलं, १९७५ मध्ये गल्फ मिराज गाडीत आणि १९८० मध्ये रोंदोच्या गाडीत. मिराजच्या संघाने त्यासाठी इंजिनाचे फेरे मुद्दाम कमी ठेवले होते. पुढे सहनशक्तीच्या शर्यतींसाठी कॉसवर्थने याच इंजिनाची ३.९ लिटरची डीएफएल ही आवृत्ती काढली, तेव्हा थरथर इतकी वाढली की इंजिनाभोवतालची अंगं टिकेनात. पिस्टन मोठा, स्ट्रोक लांब, म्हणजे हादरा मोठा. फ्लॅट-प्लेन व्ही-८ लहान सिलिंडरला शोभते. सिलिंडर वाढत गेला की ती हट्टी होत जाते.

हाच नियम उलट दिशेने ताणला की २००६ ची फॉर्म्युला वन मिळते. त्या वर्षी नियमांनी जवळजवळ सर्वांना २.४ लिटरची, ९० अंशांची व्ही-८ सक्तीची केली. बोअर जास्तीत जास्त ९८ मिमी, इंजिनाचं वजन किमान ९५ किलो, क्रँक लोहाधारित मिश्रधातूचीच हवी आणि तिची मध्यरेषा गाडीच्या तळाच्या संदर्भरेषेपासून किमान ५८ मिमी उंच. ९८ मिमी बोअर घेतला की स्ट्रोक उरतो ४० मिमीहूनही कमी. कॉसवर्थच्या इंजिनाने त्या वर्षी मिनिटाला २० हजार फेरे गाठले. २००७ पासून १९ हजारांची आणि २००९ पासून १८ हजारांची मर्यादा आली.

१८ हजार फेऱ्यांना या इंजिनाच्या पिस्टनवर वरच्या टोकाला गुरुत्वाकर्षणाच्या ७ हजार पटींहून जास्त त्वरण येतं. पिस्टन पाव किलोचा धरला तरी रॉडवर आणि क्रँकपिनवर पावणेदोन टनांहून जास्त ओढ, सेकंदाला ३०० वेळा. इथे काउंटरवेटचा प्रत्येक ग्रॅम क्रँकलाच मोडू पाहतो. म्हणून या पिढीतल्या सगळ्या इंजिनांच्या क्रँक फ्लॅट-प्लेन होत्या. काउंटरवेट त्यांच्यावरही होते, पण ते इंजिन शांत ठेवण्यासाठी नव्हते. क्रँक मधोमध वाकू नये आणि बेअरिंगवरचा भार हलका व्हावा, एवढ्यापुरतेच.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ दरम्यान झालेल्या तिन्ही इंडियन ग्रां प्रीत ही इंजिनं धावली. सेबास्टियन फेटलने तिन्ही जिंकल्या. २०११ मध्ये नारायण कार्तिकेयन एचआरटीच्या गाडीत १७ वा आला, त्याच्या पाठीमागे कॉसवर्थचीच व्ही-८ होती. तिथे गेलेल्या प्रेक्षकांना जी कानात घुसणारी अखंड किंकाळी आठवते, ती समान अंतरावरच्या स्फोटांची. डावा, उजवा, डावा, उजवा, कुठेही खंड नाही.

स्वाराच्या मनगटातला हिशेब

एवढं सगळं फ्लॅट-प्लेनच्या बाजूने असताना फुरुसावा उलट का गेले?

मोटारसायकल वळणात ४५ अंशांहून जास्त झुकते. मागच्या टायरचा जमिनीला टेकणारा तुकडा तेव्हा हाताच्या पंजाएवढा असतो आणि स्वार मनगटाने ताकद मोजून देत असतो. टायर सुटायच्या बेतात आहे हे त्याला अंगाने कळावं लागतं. तिथे इंजिनाची ताकद किती, यापेक्षा ती टायरपर्यंत कशा स्वरूपात पोहोचते, हे मोठं ठरतं.

याची जाणीव ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या काळातच झाली होती. १९९२ मध्ये होंडाने एनएसआर ५०० च्या चारही सिलिंडरचे स्फोट सुमारे ७० अंशांच्या पट्ट्यात एकत्र आणले. एक मोठा धक्का, मग टायरला सावरायला निवांत वेळ. बिग बँग या नावाने ते इंजिन प्रसिद्ध झालं. मिक डूहनने हंगामाच्या पहिल्या चारही शर्यती जिंकल्या. हॉलंडमधल्या ॲसनला त्याचा पाय मोडला नसता तर विजेतेपद त्याचंच होतं. रेनीकडून तो अवघ्या ४ गुणांनी हरला. पण गोष्ट इथे संपत नाही. १९९७ मध्ये डूहनने मुद्दाम जुनं, समान अंतराच्या स्फोटांचं इंजिन मागून घेतलं आणि १५ पैकी १२ शर्यती जिंकल्या. तोवर टायर सुधारले होते, स्वार पक्का झाला होता, आणि त्याला वरच्या फेऱ्यांतली ताकद हवी होती.

यामाहाचं दुखणं आणखी खोलात होतं. एका ओळीतल्या चार सिलिंडरच्या फ्लॅट क्रँकमध्ये चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात, दोन वर, दोन खाली. पुढच्या पाव फेऱ्यात चारही एकदम पूर्ण वेगात येतात. त्यांना वेग द्यायला लागणारी ऊर्जा क्रँककडून जाते आणि थांबताना परत येते. म्हणजे एका फेऱ्यात क्रँक दोनदा मंदावते आणि दोनदा उसळते, थ्रॉटल स्थिर असतानाही. फेरे वाढले की ही उसळी स्फोटांच्या ताकदीपेक्षाही मोठी होते. स्वाराच्या मनगटाने मागितलेली ताकद आणि ही उसळी एकत्रच साखळीवाटे टायरला पोहोचतात. त्या गोंगाटात टायरचं बोलणं ऐकू येत नाही.

क्रँकपिन पाव फेऱ्याने सरकवल्या की दोन पिस्टन थांबलेले असताना दुसरे दोन पूर्ण वेगात असतात. एका जोडीने सोडलेली ऊर्जा दुसरी जोडी घेते. क्रँकची उसळी जवळजवळ नाहीशी होते आणि स्वाराला जाणवते ती फक्त स्फोटांची ताकद, जेवढी त्याने मागितली तेवढी.

मग हा त्रास फ्लॅट-प्लेन व्ही-८ ला का होत नाही? कारण तिथे दोन बाजू ९० अंशांवर असतात. डाव्या बाजूचे पिस्टन थांबतात तेव्हा उजव्या बाजूचे धावत असतात. पाव फेऱ्याचा फरक तिथे क्रँकमध्ये नसतो, सिलिंडरच्या मांडणीतच असतो. होंडा आणि डुकाटीच्या व्ही इंजिनांनाही याचा फायदा मिळत होता. यामाहाला तो क्रँकमधून मिळवावा लागला. आणि या क्रँकवर स्फोटांचं जे अंतर येतं ते पाहा: २७०, १८०, ९०, १८०. अमेरिकी क्रॉस-प्लेन व्ही-८ च्या एका बाजूचं जे अंतर, तेच. मोटारीत ज्याने एक्झॉस्टचं गणित बिघडवलं, तेच मोटारसायकलला लाभलं.

बिल इथेही आलं. पुढचं आणि मागचं टोक झुलवणारा तो झोल, या इंजिनात डावं आणि उजवं टोक, पुन्हा हजर झाला. तो मारायला उलटा फिरणारा बॅलन्सर शाफ्ट लागतो. त्याचं वजन, त्याचं घर्षण. यामाहाने ते मान्य केलं आणि २००९ मध्ये हीच क्रँक आर-१ या रस्त्यावरच्या गाडीतही आणली. २०२० मध्ये सुझुकी आणि २०२१ मध्ये यामाहा अशी एका ओळीतल्या चार सिलिंडरची इंजिनं मोटोजीपीत जगज्जेती ठरली. २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर झालेल्या भारतातल्या पहिल्या मोटोजीपीत फाबियो क्वार्तारारो याच वंशाच्या यामाहा एम-१ या गाडीवर तिसरा आला. पण तोवर डुकाटीची व्ही-४ ताकदीत पुढे निघून गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये इटलीतल्या मिसानोला यामाहाने स्वतःची व्ही-४ शर्यतीत उतरवली.

पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरही हा पाव फेरा रोज भेटतो. २०१८ मध्ये आलेल्या रॉयल एन्फील्डच्या ६४८ सीसी ट्विन इंजिनात दोन क्रँकपिन २७० अंशांवर आहेत. पूर्वीच्या ब्रिटिश ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली जात, तशी थरथर इथे नाही. एक थांबतो तेव्हा दुसरा धावत असतो. याच इंजिनाच्या गाड्यांवर २०२१ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी कप ही शर्यतमालिका सुरू झाली.

पोलाद आणि हात

कागदावरचा कोन ठरला की तो पोलादात उतरवायचा असतो. या कामात पुण्याचं नाव जगात आहे. नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या भारत फोर्जच्या मुंढव्याच्या कारखान्यात ट्रक आणि मोटारींच्या क्रँकशाफ्ट घडवल्या जातात. लालभडक तापलेली पोलादाची कांब हजारो टनांच्या प्रेसखाली साच्यात दाबली जाते. घडाईचा मोठा फायदा असा की धातूचे तंतू क्रँकच्या वळणाबरोबर वळतात, कापले जात नाहीत. क्रॉस-प्लेन क्रँक घडवायची एक जुनी रीत तर अशी आहे की आधी ती सपाट घडवायची आणि गरम असतानाच पिळून क्रँकपिन आपापल्या कोनात आणायच्या. फ्लॅट-प्लेनला ही कसरत लागत नाही.

शर्यतीसाठी साचा करणं परवडत नाही, कारण क्रँक दहा-वीसच लागतात आणि दर हंगामात मोजमापं बदलतात. म्हणून ती उत्तम मिश्रपोलादाच्या अख्ख्या कांबेतून कापून काढतात. बहुतेक पोलाद चिप्स होऊन बाजूला पडतं. क्रँकपिन आणि तिला धरणारा क्रँकचा बाहू यांच्या सांध्यातली गोलाई हा सगळ्यात नाजूक भाग. तडा तिथूनच जातो, म्हणून ती हाताने पॉलिश होते. मग नायट्रायडिंग: सुमारे ५०० अंश सेल्सिअसला नायट्रोजन पोलादाच्या कातडीत मुरवला जातो. पृष्ठभाग कडक होतो, गाभा चिवट राहतो. शर्यतीनंतर प्रत्येक क्रँक चुंबकीय तपासणीतून जाते. डोळ्याला न दिसणारा तडा लोखंडाच्या बारीक भुकटीत रेघ होऊन उमटतो.

क्रॉस-प्लेन क्रँकला शर्यतीच्या इंजिनात बसवायची तर काउंटरवेट लहान ठेवून वजन मात्र पुरेसं हवं. त्यासाठी त्यात भोकं पाडून टंगस्टनच्या जड मिश्रधातूचे ठोकळे बसवतात. अमेरिकेच्या नॅस्कार शर्यतींत हे रोजचं काम आहे. तिथली सुमारे ५.९ लिटरची, पुशरॉडची क्रॉस-प्लेन इंजिनं मिनिटाला ९ हजारांहून जास्त फेरे घेत ५०० मैल धावली आहेत. क्रॉस-प्लेनला वरचे फेरे झेपत नाहीत, हा समज तिथे टिकत नाही. अंडाकृती ट्रॅकवर थ्रॉटल सतत उघडा असतो, वरखाली कमी होतो, म्हणून क्रँकच्या जडपणाचा तोटा तिथे फारसा जाणवत नाही.

आजची निवड

शेव्हरोले कॉर्व्हेट हे अमेरिकी क्रॉस-प्लेनचं माहेरघर. २०२० च्या जानेवारीत डेटोनाच्या २४ तासांत उतरलेल्या सी८.आर या कॉर्व्हेटमध्ये ५.५ लिटरची फ्लॅट-प्लेन व्ही-८ होती. रस्त्यावरच्या २०२३ च्या झी०६ मध्ये तेच घराणं ६७० अश्वशक्ती देतं, मर्यादा ८६०० फेरे. एवढ्या मोठ्या सिलिंडरला फ्लॅट-प्लेन झेपावी म्हणून अभियंत्यांनी स्ट्रोक ८० मिमीवर आणला. साध्या कॉर्व्हेटच्या इंजिनात तो ९२ मिमी आहे. बोअर १०४.२५ मिमी घेतला, रॉड टायटॅनियमचे केले. कॉसवर्थच्या डीएफएलला जिथे अडखळायला झालं होतं, तिथे हलक्या धातूने आणि आखूड स्ट्रोकने वाट काढली. २०२३ मध्ये सी८.आर ने ल मांला आपला गट जिंकला.

जीटी-३ या गटात आता दोन्ही क्रँक एकाच ओळीत उभ्या राहतात. २०२४ पासून धावणारी कॉर्व्हेट झी०६ जीटी३.आर फ्लॅट-प्लेनवर, आणि तिच्याशेजारी ६.२ लिटरची, क्रॉस-प्लेनची मर्सिडीज-एएमजी जीटी३. या एएमजीने २०१६ च्या न्यूरबुर्गरिंग २४ तासांत पहिले चारही क्रमांक घेतले होते. या गटात नियामक मंडळ गाड्यांची ताकद आणि वजन एकमेकींच्या बरोबरीला आणून ठेवतं. त्यामुळे तिथे इंजिन निवडणाऱ्यापुढे कमाल अश्वशक्तीचा प्रश्न उरतच नाही. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटलला मिळणारा प्रतिसाद, टायरची झीज, पहाटे तीन वाजता वायरिंगचा एखादा जोड सुटण्याची शक्यता, आणि पुढच्या उघडणीपर्यंत इंजिन किती तास चालेल, एवढ्या चार गोष्टी टेबलावर असतात. एएमजीच्या ग्राहक-संघांना उघडण्यांमधलं अंतर लांब हवं असतं, म्हणून ते मोठ्या, मऊ चालणाऱ्या इंजिनावर समाधानी आहेत. कॉर्व्हेटच्या संघाला आपल्या रस्त्यावरच्या गाडीचंच इंजिन शर्यतीत चालवायचं आहे, आणि ते आता फ्लॅट-प्लेन आहे.